पुढची तारीख

मन्मथप्पांचा काळा कोट सत्तावीस वर्षं माझ्याकडं होता.
खुंटीवरून काढून द्यायचा, झटकायचा,
कॉलरचा मळ रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा.
खिशात कायम एक फाऊंटन पेन, दोन लवंगा
आणि कुणाची तरी चिठ्ठी.

मी खाजामियाँ, उदगीरच्या कोर्टात मुन्शी.
निजामाच्या वेळचे कागद उर्दूत,
ते मी वाचायचो, वकीलसाहेब ऐकायचे.
"खाजा, हद्द कुठं म्हणतंय?"
मी बोट ठेवायचो.
त्या बोटाएवढ्या जागेवर ते कोर्टात उभे राहायचे,
आणि आवाज असा, की बाहेर चिंचेखालचे पक्षकार
आपली केस नसली तरी विडी विझवायचे.

सोजरबाईच्या दारापुढं शेजारच्या बस्वंतनं भिंत घातली.
कुंभारगल्लीत. दार उघडलं की वीट.
सात महिने ती लुगडं खोचून
खिडकीतून घरात शिरत होती.
फी म्हणून चार मडकी आणि लोटीभर ताक.
साहेबांनी हुकूम आणला,
माणूस आडवा जाईल एवढी फट भिंतीत पाडवली,
"अंतिम निकालापर्यंत."
ती दारातून आत गेली, बाहेर आली, परत आत गेली.
लोक हसले. साहेब नाही हसले.

बहुतेक तिथूनच सुरू झालं.
"एकेका दारासाठी एवढं, तर जन्म पुरायचा नाही, खाजा,"
नळेगावच्या रस्त्यावर जीपचं चाक बदलताना म्हणाले.
मग झेडपी.
मग आमदारकी, पहिली सोळाशे मतांनी,
दुसरी गुलालात दिसलीच नाही किती ते.
मग राज्यमंत्री.
कोट मी डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवला.
खोटं कशाला बोलू, एसटी डेपो झाला.
तलाव झाला, थोडा गळका.
मुलींचं वसतिगृह झालं, माझी धाकटी तिथंच शिकली.

आणि बस्वंत तालुकाध्यक्ष झाला,
जीपमध्ये पुढच्या सीटवर.

मंगळवारी बंगल्यावर लोक यायचे.
दारात मी, वही घेऊन. नाव, गाव, काम.
एका मंगळवारी लिहिलं:
सोजरबाई, कुंभारगल्ली, दार.
फट पुन्हा बुजली होती.
तीन तारखांना कोर्टात तिच्या बाजूनं कुणी उभंच राहिलं नव्हतं.
"वकीलसाहेब हाइत का?"
मी म्हणालो, "मंत्रीसाहेब आहेत."
"ते नगं. वकीलसाहेब."

साहेबांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून पाहिलं.
ओळखलं. मला कळलं ओळखलं ते,
कारण हात लवंगेसाठी खिशाकडं गेला
आणि खादीच्या खिशात लवंग नव्हती.
शेजारी बस्वंत बशीतला चहा फुंकत होता.
"पुढच्या मंगळवारी या," म्हणाले.
मी वहीत तारीख टाकली.
अक्षर तेच, कोर्टातलं.

पडले, अकरा हजारांनी.
टेम्पोतून शाली आल्या, तसबिरी आल्या,
चांदीचा एक नांगर आला.
आठ दिवस फोन वाजला नाही.
नवव्या दिवशी म्हणाले, "खाजा, पेटी उघड."
पोटावर बटण लागेना,
बाहीला कसरीनं भोक पाडलेलं.

कुंभारगल्लीत चालत गेलो.
सोजरबाईनं वकीलपत्राकडं पाहिलं, मग कोटाकडं.
"आता फी किती?"
"ताक असलं तर."
"ताक नाय," म्हणाली,
आणि बराच वेळ काहीच म्हणाली नाही.
मग अंगठा उठवला,
शाई जरा जास्तच लागली.

न्यायाधीशबाई साहेबांच्या लेकीहून लहान.
साहेब उभे राहिले, घसा खाकरला
आणि सवयीनं निघून गेलं,
"अध्यक्ष महाराज..."
मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.
बाईंनी मान वर केली नाही.
"बोला, वकीलसाहेब."

मी जुना कागद उलगडला, हद्दीवर बोट ठेवलं.
बोट आता थरथरतं, दोन ओळींवर एकदम फिरतं.
ते बोटाकडंच पाहत राहिले.

निकाल नाही झाला. बावीस तारीख मिळाली.
एकवीसच्या रात्री
मी कोटाच्या खिशात दोन लवंगा ठेवल्या.